साठीनंतर साखर सोडताना: गोव्याच्या बाजारातून काय आणावे, काय फळीवरच ठेवावे

आधी निकाल, मग कारणे. साठी उलटल्यावर साखर सोडून हळूहळू वजन उतरवायचे असेल तर पहिला खर्च ‘शुगर फ्री’च्या डबीवर करू नका. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा आणि घट्ट झाकणाची एक बरणी, एवढेच आधी आणा. गोडव्याच्या गोळ्या दोन महिन्यांची कुबडी म्हणून ठीक. स्टीव्हियाचे थेंब लिंबू सरबताला बरे, दुधाच्या चहाला नाहीत. शुगर फ्री बिस्किटे आणि मिठाई म्हणजे पैसे वाया. माडाचे गोड, म्हणजे नारळाच्या झाडाच्या रसाचा गूळ, वस्तू म्हणून सुरेख, पण ती साखरच.

पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही फार्मसीत गल्ल्याजवळ आता या वस्तूंची अख्खी फळी असते. इथे कंपन्यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच नावाच्या दोन रंगांच्या डब्यांत दोन वेगळे पदार्थ असू शकतात आणि गिऱ्हाईक मात्र ‘तीच हिरवी द्या’ म्हणून मोकळे होते. डबीची पुढची बाजू जाहिरातीची. खरी वस्तू मागे, बारीक अक्षरांत. चष्मा घेऊनच दुकानात जा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खालचे काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. साखर कमी झाली आणि औषधाचा डोस तोच राहिला तर रक्तातली साखर खाली घसरते. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही.

काटा आणि बरणी

चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात ४ ग्रॅमच्या आसपास साखर बसते. घरात आपण घेतो तो शीग लावलेला, तो ७ ग्रॅमवरही जातो. म्हणून ‘मी दोनच चमचे घेतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. ते ८ ग्रॅम असतील किंवा १४. काटा लागतो तो एवढ्यासाठी.

दिवसाला चार कप आणि कपाला सपाट दोन चमचे धरले तर ३२ ग्रॅम होतात, म्हणजे १२८ कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. बाकी ताटात काहीही न बदलता फक्त चहातली साखर गेली तर साठ दिवसांत एक किलो, असा हिशेब निघतो. प्रत्यक्षात थोडे कमी उतरते, कारण वजन घटले की शरीरही खर्च आवरते. पण साठीनंतर हाच वेग हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी जी आदर्श मर्यादा सुचवली ती एकूण कॅलरींच्या ५ टक्क्यांखालची, म्हणजे दिवसाला साधारण २५ ग्रॅम. मध आणि फळांचा रसही त्यातच धरलेला आहे. आपल्याकडे ती मर्यादा दुपारच्या चहालाच संपते.

आता बरणी. चार कप, कपाला ८ ग्रॅम, आठवड्याचे २८ कप: २२४ ग्रॅम. ही झाली सध्याची पातळी. पहिल्या आठवड्याला बरणीत १९६ ग्रॅम भरा, दुसऱ्याला १६८, मग १४०, ११२, ८४, ५६, २८. दर आठवड्याला २८ ग्रॅम कमी म्हणजे प्रत्येक कपामागे फक्त एक ग्रॅम कमी. जिभेला एका ग्रॅमचा फरक जेमतेम कळतो. आठव्या आठवड्याला बरणी धुऊन पालथी घालायची. तुमचे कप तीन असतील, साखर जास्त असेल, तर आकडे बदला. सूत्र तेच: आठवड्याचे कप जितके, तितके ग्रॅम कमी करायचे.

पद्धत चालायची तर साखर पातेल्यात टाकून चहा उकळणे आधी बंद करावे लागेल. चहा सगळ्यांचा बिनसाखरेचा उकळायचा, साखर कपात ढवळून. घरातल्या बाकीच्यांची साखर वेगळ्या डब्यात. हे ठरवून घेतले नाही तर योजना तिसऱ्या दिवशी मोडते, आणि मोडते ती सकाळच्या घाईत.

काटा घेताना ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरे. काचेचा, ॲपला जोडणारा वगैरे नको. दुकानातच तपासा: दहा रुपयांची दहा नाणी ठेवली की ७७ ग्रॅमच्या आसपास दिसले पाहिजे. या काट्यांची एक खोड माहीत असू द्या. साखर चिमटी-चिमटीने टाकत गेलात तर काटा ती मोजतच नाही. आपोआप शून्यावर राहण्याची सोय त्यात असते, तिला हळू पडणारे कण म्हणजे हेलकावाच वाटतो, आणि ती तो गिळून टाकते. उपाय उलटा आहे. साखरेचा डबाच काट्यावर ठेवा, शून्य करा आणि डब्यातून चमचा भरून बाहेर काढा. उणे ६ दिसले तर चमच्यात ६ ग्रॅम. चार-पाच दिवस हे केले की हाताला अंदाज येतो, मग काटा रोज लागत नाही.

पावसाळ्यात साखर पाझरते आणि बरणीत तिचा दगड होतो. मग कोरून काढताना एका कपात ३ ग्रॅम पडते तर दुसऱ्यात ९. फिरकीचे झाकण, आत रबराची कडी असलेली बरणी घ्या. प्लास्टिकचा झाकण-डबा जून ते सप्टेंबर निरुपयोगी.

योजना फसते ती तीन जागी. पहिली: शुक्रवारी बरणी संपते आणि घरच्या डब्यातून ‘आजच्यापुरती’ घेतली जाते. तसे झाले तर पुढचा आठवडा त्याच आकड्यावर काढा, मागे जाऊ नका. दुसरी: ३ ग्रॅमच्या खाली आल्यावर चहा कडू लागतो. हा कडूपणा साखर नसल्याचा नाही, पावडर दहा मिनिटे उकळल्याचा आहे. इतके दिवस साखर तो झाकत होती. पाण्याला आले, गवती चहा, वेलची घालून आधी उकळी आणा, दूध घाला, पुन्हा उकळी आली की पावडर टाकून दोन मिनिटांत गॅस बंद करा, तीन मिनिटे झाकून ठेवा. पावडरही थोडी कमी घ्या. दुधात १०० मिलिलिटरला पावणेपाच-पाच ग्रॅम स्वतःची साखर असते. उकळून उकळून काढा केला नाही तर ती जिभेला जाणवते.

तिसरी जागा घराबाहेर. आपल्याकडच्या हॉटेलात चहा गोडच येतो. ‘साखर वेगळी’ असे ऑर्डर देतानाच सांगावे लागते, कप आल्यावर सांगून उपयोग नाही. गाड्यावर किटलीतच साखर असते, तिथे कोरा मागा किंवा घेऊच नका. आणि चहाबरोबर काय येते ते बघा. बन्स हा नावाने पाव वाटणारा पदार्थ म्हणजे मैदा, केळे, साखर मळून तळलेली पुरी आहे. त्यापेक्षा पातळभाजी आणि पाव कितीतरी बरे. पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, पोदेराकडची (पाववाल्याकडची) घेणार असाल तर विचारा की पिठात गव्हाचा कोंडा आहे की नुसता वरून भुरभुरलेला. कोंड्याने माखलेली पण आतून पांढरीशुभ्र मैद्याची पोई सर्रास मिळते.

गोळ्या

डबीच्या मागे बघा: ॲस्पार्टेम, सुक्रालोज की सॅकरीन. सॅकरीन सर्वांत जुने, १८७९ चे, साखरेच्या सुमारे ३०० पट गोड आणि शेवटी धातूसारखी कडवट चव सोडणारे. ते सोडून द्या. ॲस्पार्टेम साधारण २०० पट गोड, चव साखरेच्या जवळची, पण उष्णतेने मोडते. गोळी पातेल्यात टाकून चहा उकळला की गोडी जाते आणि मग माणूस दुसरी टाकतो. गाळून झाल्यावर, कपात, हाच नियम. सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड आणि उष्णतेला जास्त टिकते. चहासाठी निवडायचेच असेल तर हे.

गोळीत गोडवा देणारा पदार्थ काही मिलिग्रॅमच असतो. बाकी आकार देण्यासाठी लॅक्टोज किंवा तत्सम भर असते, तिच्या कॅलरी नगण्य. मात्र ‘स्वयंपाकासाठी’ म्हणून मिळणाऱ्या भुकटीच्या मोठ्या बाटलीत आणि पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेले असते. ते पचून ग्लुकोजच होते. एका पुडीत एक ग्रॅम म्हणून फरक पडत नाही. खिरीत अर्धी वाटी ओतली की पडतो.

कर्करोगाचे काय, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. त्याच वेळी अन्नात मिसळली जाणारी पूरक द्रव्ये तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. ६० किलोच्या माणसाला ती २,४०० मिलिग्रॅम. एका गोळीत २० मिलिग्रॅम धरले तर १२० गोळ्या. चार कपांना चार-आठ गोळ्या घेणाऱ्याने या कारणाने झोप उडवून घेऊ नये. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र ॲस्पार्टेम पूर्ण वर्ज्य.

खरी हरकत वेगळी. मे २०२३ मध्ये याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये अशी शिफारस केली, कारण दीर्घकाळात त्याने चरबी कमी होते असे दिसले नाही. मधुमेह आधीच असलेल्यांना ती शिफारस लागू केलेली नाही. आमचेही मत त्याच बाजूचे. गोळीने कप गोड राहतो, म्हणजे जीभ होती तिथेच राहते, आणि संध्याकाळी ती खाज्याची पुडी मागते. बरणीची पद्धत जिभेलाच खाली आणते. म्हणून गोळी घ्यायचीच तर बरणीच्या मधल्या आठवड्यांत, दिवसातल्या एका अवघड कपाला, आणि तीही मोडून अर्धी.

घोडा दाबला की गोळी पडते त्या डब्या आपल्या हवेत पावसाळ्यात अडकतात. ओलसर गोळ्या चिकटून एकदम दोन पडतात. डबी फ्रीजवर किंवा चुलीजवळ ठेवू नका, कपाटात ठेवा.

स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉल

स्टीव्हिया मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पॅराग्वेकडचे झुडूप. त्याच्या पानांतून काढलेला अर्क २०० ते ३०० पट गोड असतो. थेंब लिंबू सरबतात आणि आमसुलाच्या पाण्यात छान लागतात, कारण आंबटपणा त्याची ज्येष्ठमधासारखी मागची चव झाकतो. दुधाच्या चहात ती चव उघडी पडते. एका ग्लासाला दोन-तीन थेंब; सहा टाकले तर दुप्पट गोड होत नाही, कडू होते. पुडीतली स्टीव्हिया घेताना घटक वाचाच. पुढे मोठ्या हिरव्या पानाचे चित्र आणि मागे पहिल्या क्रमांकावर एरिथ्रिटॉल, असे बऱ्याचदा निघते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे पुडीत मुख्य तेच.

एरिथ्रिटॉल दिसायला साखरेसारखे दाणेदार, गोडीला साखरेच्या ६०-७० टक्के, कॅलरी जवळजवळ शून्य. जिभेवर पेपरमिंटसारखा थंडावा येतो. त्याचा दोदोल करून पाहायचा मोह आवरा: थंड झाल्यावर ते पुन्हा स्फटिक धरते आणि वडी वाळूसारखी कचकचते. बेबिंकाचे थर त्याने तांबूसही होत नाहीत, कारण ते साखरेसारखे करपून रंग देत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात रक्तातले एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांचा संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे. तरी ज्यांना स्टेंट बसलेला आहे किंवा झटका येऊन गेला आहे त्यांनी याच्यासाठी हट्ट धरण्याचे काहीच कारण नाही.

शुगर फ्री बिस्किटे आणि मिठाई

भारतातल्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच ‘शुगर फ्री’ लिहिता येते. साखर जाते, मैदा आणि तूप राहते. काजूकतलीतून साखर काढली तरी काजू आपला १०० ग्रॅमला ५५०-५८० कॅलरी घेऊन बसलेलाच असतो. तिच्या जागी माल्टिटॉल असेल तर त्याच्याही साखरेच्या निम्म्याहून जास्त कॅलरी असतात आणि रक्तातली साखर ते वाढवतेच. वीस-तीस ग्रॅम पोटात गेले की गुडगुड, वारा, जुलाब. मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे पोट आधीच नाजूक झालेले असते. लग्नाघरी ‘काका, ही तुमच्यासाठी वेगळी’ म्हणून दिलेल्या चार वड्यांनी रात्र काढायला लावलेली उदाहरणे प्रत्येक घरात सापडतील.

साध्या गोल चहाच्या बिस्किटांत १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम साखर असते. चार बिस्किटांत साधारण ५ ग्रॅम साखर आणि १०५ कॅलरी. ‘डायजेस्टिव्ह’ म्हणून मिळणाऱ्यांत चरबी जास्त, म्हणून कॅलरी उलट वाढतात. त्यापेक्षा फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे एक मूठ. दात नसतील तर उकडलेले अंडे.

माडाचे गोड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काळपट, निमुळत्या ढेपांचे माडाचे गोड बघितले की हात थांबत नाही आणि थांबूही नये, पण ते कशासाठी घेतो हे स्पष्ट असावे. माडाची सुर (झाडातून निघणारा गोड रस) आटवून ते होते. त्यात बहुतांश सुक्रोजच असते, म्हणजे साखरच. उसाच्या गुळाचेही तसेच: १०० ग्रॅमला साखरेच्या सुमारे ४०० कॅलरी, तर गुळाच्या ३८० च्या आसपास. खनिजे असतात, पण पाच ग्रॅम गुळातून पोटात जाणारे लोह मोजण्याइतकेही नाही. ‘साखर सोडली, आता गूळ घालून घेतो’ यातून वजन उतरत नाही, रंग बदलतो.

फायदा एकच आणि तो खरा आहे: माडाच्या गोडाला धुरकट वास आणि खोल चव असते, म्हणून कमी घालून भागते. चवथीच्या पातोळ्यांचे चूण (सारण) एका नारळाला १५० ग्रॅम गुळाचे करत असाल तर माडाचे गोड १०० ग्रॅम पुरते, जोडीला वेलची आणि जायफळ. त्याखाली गेलात तर चूण बांधून येत नाही, मोकळे राहते आणि हळदीच्या पानात घडी घालताना बाहेर सांडते. मणगण्यात आणखी कमी चालते, कारण तिथे नारळाचा रस स्वतः गोडसर असतो. पातोळ्या दोन खाव्यात, वर्षातून एकदाच खाव्यात आणि त्या दिवशी बरणीचा हिशेब काढू नये.

कोकम: एकाच फळाच्या दोन बाटल्या

शेजारी-शेजारी दोन बाटल्या असतात आणि दोन्ही लाल. एकीवर अमृत कोकम किंवा कोकम सिरप, दुसरीवर आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस. सिरपमध्ये वजनाने अर्ध्याहून बरीच जास्त साखर असते. एका ग्लासाला ४० मिलिलिटर ओतले तर ३० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात. म्हणजे दिवसाच्या चारही कपांची एका ग्लासात. आगळात साखर नाही, मीठ आहे, आणि भरपूर. रक्तदाबाच्या माणसाने आगळाचीही बाटली ठेवू नये. आमसुले घ्या, तीही कमी मिठाची विचारून. सहा-सात आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घालून कुस्करा, गाळा, जिरेपूड घाला. सोलकढी घरची असेल तर प्रश्नच नाही.

प्यायला बसण्याच्या बाबतीत थोडक्यात. फेणीत साखर नसते, पण ४२.८ टक्के मद्यार्काच्या फेणीच्या ६० मिलिलिटरमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. वर गोड लिंबू सोड्याची बाटली ओतली तर २०० मिलिलिटरला आणखी वीसेक ग्रॅम साखर. एप्रिल-मेमधल्या उर्राकाचे (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे) वजन काट्यावर जूनमध्ये दिसते, ते या सोड्याचे. साधा सोडा, लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी तेही नको.

औषधांच्या कपाटातली साखर

इथे फारसे कोणी बघत नाही, म्हणून थोडे थांबू. साठीनंतर रोज रात्री इसबगोल घेणारे पुष्कळ. साधे पांढरे इसबगोल म्हणजे नुसती साल. संत्र्याच्या चवीचे, पाण्यात पटकन मिसळणारे पाकीट उलटून बघा: बऱ्याच प्रकारांत निम्म्याहून जास्त साखर निघते. च्यवनप्राशात घटकांच्या यादीत साखर किंवा मध वरच्या क्रमांकावर असतो. खोकल्याची औषधे पाकातली. वयस्करांसाठीच्या माल्टच्या पौष्टिक भुकट्यांत शंभर ग्रॅममागे साखर किती ते मागच्या तक्त्यात ‘अतिरिक्त साखर’ या ओळीत लिहिलेले असते. ती एकच ओळ वाचली तरी पुरे. आणि तोंड कोरडे पडते म्हणून दिवसभर चघळली जाणारी पेपरमिंटची गोळी. रक्तदाब, झोप, लघवीच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडतेच. त्यावर घोटभर पाणी, बडीशेप किंवा लवंग. गोळीने दातही जातात.

वजनकाटा आणि टेप

साठीनंतर वजन उतरवण्यातला खरा धोका असा की चरबीबरोबर मांसही जाते, आणि या वयात गेलेले मांस सहज परत येत नाही. म्हणून महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपास पुरे. ७० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत साडेतीन किलो उतरले तर उत्तम. साखर सोडायची, पण मासळी सोडायची नाही. प्रथिने दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम हवीत. १०० ग्रॅम बांगड्यातून १९-२० ग्रॅम, एका अंड्यातून ६, आणि शाकाहारी घरात आळसांद्याचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणक, मूग, दही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांकडून घ्या. सोबत खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, दिवसातून दोनदा. काहीही प्रयत्न न करता सहा महिने-वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी उतरले तर ती खुशखबर नाही, तपासणीची वेळ आहे.

वजनकाटा साधा घ्या. पायातून वीज सोडून चरबीचे टक्के सांगणारे महाग काटे पेसमेकर असलेल्यांनी वापरूच नयेत, आणि इतरांसाठीही तो आकडा पाणी किती प्यायलात त्यावर हलतो. चटईवर ठेवला की काटा खोटे बोलतो. टाइल्सवर, भिंतीजवळच्या एकाच ठरलेल्या जागी ठेवा. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी.

त्याहून स्वस्त आणि त्याहून खरी वस्तू म्हणजे शिंप्याची टेप. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. कापडी टेप वापरून ताणली जाते, तेव्हा वर्षातून एकदा पोलादी पट्टीला लावून तपासा. वजन दोन-तीन आठवडे जागचे हलत नाही तेव्हाही टेप एखादा सेंटिमीटर आत आलेली असते.

शेवटची खरेदी: साखर

साखर सोडलेल्या घरात, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर, एक वस्तू कायम हवी: साधी ग्लुकोज पावडर. हात थरथरले, दरदरून घाम आला, बोलणे अडखळले आणि ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली दिसले तर १५ ग्रॅम पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८. चॉकलेट आणि बिस्किटे चालत नाहीत, त्यातली चरबी साखर रक्तात जायला उशीर करते. घाईत कोणी शुगर फ्रीची गोळी टाकलेला चहा दिला तर उपयोग शून्य. आणि मधुमेहाचे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध चालू असेल तर घरची साखरही नको, ग्लुकोजच लागते. ही औषधे साखर फोडण्याचे कामच मंद करतात.

आणीबाणीत चमचे मोजत बसता येत नाही. म्हणून ज्या काट्याने साखर कमी केली त्याच काट्यावर १५-१५ ग्रॅमच्या पुड्या मोजून ठेवा, सहा-सात पुरेत. घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, एक उशाशी, एक फिरायला जाताना खिशात. आपल्या हवेत पुडीचा गोळा होतो, तेव्हा पावसाळा संपला की जुन्या टाकून नव्या बांधा, आणि डबी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.